नकाशावरचा चोर-शिपाई

१९८५ साली अमेरिकेत एक कॉम्प्युटर गेम विक्रीला आला. खोक्यात फ्लॉपीच्या जोडीला एक जाडजूड पुस्तक मिळायचं : 'द वर्ल्ड अल्मनॅक अँड बुक ऑफ फॅक्ट्स'. देशोदेशींच्या राजधान्या, चलनं, झेंडे, भाषा, नद्या, पिकं अशी सगळी माहिती त्यात ठासून भरलेली. गेम सुरू केला की पडद्यावर बातमी झळकायची : जगातल्या अमुक शहरातून मोलाची वस्तू चोरीला गेली आहे, चोर फरार आहे. खेळणारं मूल म्हणजे गुप्तहेर. चोर पुढे कुठे गेला हे गावाचं नाव घेऊन कुणीच सांगत नसे. एक साक्षीदार म्हणे, त्याने पैसे बदलून अमुक चलन घेतलं. दुसरा म्हणे, तो ज्या विमानात चढला त्यावर अमुक रंगांचा झेंडा होता. मुलाने पुस्तक उघडायचं, ते चलन आणि तो झेंडा कुठल्या देशाचा हे हुडकायचं आणि पुढचं विमान पकडायचं. अंदाज चुकला की हातातला वेळ जाई, आणि चोर तर ठरलेल्या मुदतीतच पकडायचा असे.

या गेमचं नाव 'व्हेअर इन द वर्ल्ड इज कारमेन सँडिएगो?' कॅलिफोर्नियातल्या ब्रॉडरबंड या कंपनीने तो काढला. कंपनीच्या संस्थापक भावांपैकी गॅरी कार्लस्टन यांच्या मनात अल्मनॅकवर बेतलेला भूगोलाचा खेळ होता. प्रोग्रॅमर डेन बिगम, पूर्वी डिस्नेत काम केलेले चित्रकार जीन पोर्टवुड आणि डिझायनर लॉरेन इलियट यांनी तो प्रत्यक्षात आणला. गेममध्ये ३० शहरं होती. तो आधी घराघरांत खेळला गेला, मग शिक्षकांनी तो उचलून वर्गात नेला. राजधान्या पाठ करायला कंटाळणारी मुलं चोर पकडण्यासाठी आपण होऊन पानं उलटत होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आज जगभरच्या शाळांत 'ऑनलाइन ट्रेझर हंट' घेऊन भूगोल शिकवला जातो. ही रीत इंटरनेटने आणली असं सहज वाटतं, पण तिची मुळं अडीचशे वर्षांपूर्वीची आहेत. साधनं बदलत गेली : लाकडी तुकडे, मातीचे डोंगर, डबे, उपग्रह, मोबाइल. प्रत्येक साधनासोबत एक प्रश्न मात्र पुन्हा उभा राहिला. शोध संपल्यावर मुलाच्या हाती काय लागतं? जागेचं नाव, की ती जागा तशी का आहे याची समज?

१७५९ साली लंडनमध्ये जॉन जेफ्रीज यांनी 'अ जर्नी थ्रू युरोप, ऑर द प्ले ऑफ जिऑग्रफी' नावाचा खेळ छापला. युरोपचा रंगवलेला नकाशा आणि त्यावर ७७ क्रमांकांचा प्रवासमार्ग. फासे टाकायचे नाहीत, कारण फाशांचं नातं जुगाराशी. म्हणून आकडे घातलेला भोवरा फिरवायचा आणि येईल तितकी घरं पुढे सरकायचं. राजा राहतो त्या गावी पोचलं की फायदा, काही ठिकाणी दंड. प्रॉटेस्टंट इंग्लंडमधला हा खेळ असल्याने रोममध्ये थांबलेल्या खेळाडूला पोपसमोर नमल्याची शिक्षा म्हणून थेट आइसलंडला धाडलं जाई आणि त्याचे डावही बुडत. मुलं युरोपभर हिंडत, पण कुठे थांबायचं ते भोवरा ठरवी. विचार करून वाट निवडायची सोय त्यात नव्हती.

ती सोय थोडीफार आली जॉन स्पिल्सबरी यांच्या लाकडी नकाशांत. हे लंडनचे नक्षीकोरक आणि नकाशे बनवणारे. १७६०च्या दशकात त्यांनी नकाशे पातळ लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या, परगण्यांच्या सीमेवरून बारीक करवतीने कापले आणि सुटे तुकडे खोक्यात भरून विकले. जग, चार खंड, इंग्लंड-वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड असे त्यांचे विषय. आज ज्याला आपण जिगसॉ म्हणतो, त्या खेळाचा जन्म असा भूगोलाच्या तासासाठी झाला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या मुलांच्या शिक्षिका लेडी शार्लट फिंच याच प्रकारच्या नकाशांवर राजपुत्रांना शिकवत. त्यांची नकाशांचे तुकडे ठेवण्याची लाकडी कपाटं आजही जपून ठेवलेली आहेत.

तुकडा हातात घेतलेल्या मुलाला शोध घ्यावाच लागतो. या देशाची कड कुणाच्या कडेला बसते, समुद्र कुठल्या बाजूला, शेजारी कोण, हे त्याला बोटांनी कळतं. पाठांतरापेक्षा हे खूप पुढचं पाऊल होतं. तरीही तो नकाशा मुलाला दुसऱ्याने तयार करून दिलेला होता. खिडकीबाहेरची टेकडी आणि फळीवरची रेघ यांचा संबंध त्याला कळावा, यासाठी मुलाला घराबाहेर काढणारा माणूस हवा होता.

तो माणूस स्वित्झर्लंडमध्ये भेटतो. योहान हाइनरिख पेस्तालोझी यांनी १८०५ साली न्यूशातेल सरोवराच्या दक्षिण टोकावरच्या इव्हर्दों गावातल्या किल्ल्यात शाळा सुरू केली. तिथला भूगोलाचा पहिला धडा त्यांच्या एका विद्यार्थ्याने, पुढे इतिहासकार झालेल्या लुई व्हुल्येमॅं यांनी लिहून ठेवला आहे. शिक्षक मुलांना घेऊन गावाजवळच्या ब्युरॉं नदीच्या खोऱ्यात गेले. आधी मुलांनी ते खोरं नुसतं पाहिलं, सगळं एकत्र आणि मग भागाभागाने. मनात चित्र पक्कं बसेपर्यंत पाहिलं. मग काठावरची चिकणमाती खणून टोपल्यांत भरली. शाळेत परतल्यावर लांबलचक टेबलांवर गट पाडले आणि पाहिलेलं खोरं मातीत उभं करायला घेतलं. पुढच्या दिवसांत पुन्हा फेरी, आणखी उंचावरून पाहणी, आणि टेबलावरच्या डोंगरात भर. सगळं खोरं मातीत तयार झाल्यावरच मुलांच्या हाती नकाशा आला. तोपर्यंत नकाशावरची प्रत्येक रेघ त्यांच्या ओळखीची झाली होती.

ही शाळा पाहायला १८०७ मध्ये आणि पुन्हा १८०९ मध्ये कार्ल रिटर आले होते. हेच रिटर पुढे बर्लिन विद्यापीठात भूगोलाचे प्राध्यापक झाले आणि आधुनिक भूगोलशास्त्राच्या संस्थापकांत गणले गेले. पेस्तालोझींना स्वतःला भूगोलाची माहिती बेताचीच होती, पण हा विषय कसा पाहायचा ते आपल्याला त्यांच्याकडून मिळालं, असं रिटर यांनी नमूद केलं आहे.

त्या परंपरेचं एक टोक मुंबईपर्यंत येतं. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांनी १८९२ साली एडिनबरोमध्ये 'आउटलुक टॉवर' सुरू केला. पाहुण्यांनी आधी सगळ्यात वर जायचं आणि तिथून शहर पाहायचं. मग एकेक मजला उतरत एडिनबरो, स्कॉटलंड, युरोप असं करत तळाला जग गाठायचं. आपल्या गावापासून सुरुवात करून जगाकडे जायचं, असा तो क्रम होता. १९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. शहर समजून घ्यायचं तर ते पायी हिंडून, पाहणी करून, ही त्यांची शिकवण भारतातल्या अनेक शहरांच्या नियोजन अहवालांत उतरलेली दिसते.

शाळेबाहेर, निव्वळ हौसेपोटी, खजिन्याचा शोध वेगळ्याच वाटेने वाढत होता. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूर हा उजाड, पाणथळ माळ आहे. तिथे वाटाड्याचं काम करणारे चॅगफर्डचे जेम्स पेरट यांनी १८५४ साली माळाच्या उत्तर भागातल्या क्रॅनमिअर पूल या आडवळणी जागी दगडांची रास रचली आणि त्यात काचेची बरणी ठेवली. दलदल तुडवत तिथवर जो पोचेल त्याने आपलं कार्ड बरणीत टाकायचं. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड ठेवू लागले. नंतर येणाऱ्याने ते उचलून आपल्या गावातून पोस्टात टाकायचं, म्हणजे कार्ड किती दिवसांनी आणि कुठून परत येतं ते कळे. १८९४ मध्ये बेलस्टोन टॉरवर दुसरी पेटी आली. १९३८ मध्ये डार्टमूरचे लेखक विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ डक्स पूलला तिसरी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेट्यांची संख्या झपाट्याने वाढली. प्रत्येक पेटीत रबरी शिक्का आणि वही असे. शोधणारा पेटीतला शिक्का आपल्या वहीत उमटवी आणि आपला शिक्का पेटीतल्या वहीत.

या छंदाचं नाव 'लेटरबॉक्सिंग'. पेटीचा ठावठिकाणा देताना अमुक खडकाळ माथा होकायंत्रावर इतक्या अंशांवर दिसतो, दुसरा इतक्या अंशांवर, तिथून इतकी पावलं, अशी भाषा वापरली जाई. होकायंत्र नीट धरता आलं नाही, नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचता आल्या नाहीत, तर पेटी सापडत नसे. घरच्या मोठ्यांबरोबर माळावर भटकणारी मुलं हे सगळं कुणी 'शिकवतंय' असं न वाटता शिकत होती.

अमेरिकेतल्या वर्गांत मात्र परिस्थिती बिकट होत चालली होती. १९८८ साली नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने गॅलप या संस्थेकडून नऊ देशांत भूगोलाच्या ज्ञानाची चाचणी करवली. १८ ते २४ वयोगटातले अमेरिकन तरुण त्यात सर्वांत खाली आले. चारांपैकी एका अमेरिकनाला नकाशावर पॅसिफिक महासागर दाखवता आला नाही, ही बातमी देशभर गाजली. त्यातून दोन उपक्रम निघाले. १९८९ मध्ये शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय भूगोल स्पर्धा सुरू झाली. तिची २०१२ ते २०१९ या काळातली सगळी विजेतेपदं भारतीय वंशाच्या मुलांनी जिंकली. आणि १९९१ मध्ये सार्वजनिक वाहिनीवर कारमेन सँडिएगोचा रोजचा कार्यक्रम आला. शेवटच्या फेरीत स्टुडिओच्या जमिनीवर एका खंडाचा प्रचंड नकाशा अंथरलेला असे. सूत्रधार देशाचं नाव घेई आणि मुलाने धावत जाऊन मोजक्या सेकंदांत त्या देशावर खांब उभा करायचा. आफ्रिकेचा नकाशा आला की भल्याभल्यांची दमछाक होई. त्याच वर्षी सोव्हिएत संघ फुटला, सीमा बदलत राहिल्या आणि कार्यक्रमाच्या शेवटी एक सूचना द्यावी लागू लागली : दिलेली भौगोलिक माहिती चित्रीकरणाच्या दिवशी बरोबर होती.

छापील अल्मनॅक जुना होण्याच्या त्या काळातच माहिती तारेवरून येऊ लागली. १९९२ साली अमेरिकेतले ग्रंथपाल रिक गेट्स यांनी 'द इंटरनेट हंट' सुरू केला. वर्ल्ड वाइड वेब तेव्हा बहुतेकांना ठाऊकही नव्हतं. दर महिन्याला गेट्स प्रश्नांची यादी इंटरनेटवर प्रसिद्ध करत. अवघडपणानुसार प्रश्नाला गुण. उत्तर इंटरनेटवरच शोधायचं, आणि ते कुठे, कसं मिळालं हेही लिहायचं, म्हणजे दुसऱ्या कुणालाही पडताळून पाहता येईल. गेट्स यांचा हेतू ग्रंथपालांना नवं माध्यम हाताळायला शिकवण्याचा होता. उत्तरासोबत वाटही दाखवायची, हा त्यांचा नियम पुढे चांगल्या शिक्षकांनी उचलला. याच गेट्स यांनी १९९३ मध्ये इंटरनेटवर सर्वांनी मिळून ज्ञानकोश रचावा अशी कल्पना मांडली होती, विकिपीडियाच्या सात-आठ वर्षं आधी.

शाळेसाठी नेटका आराखडा १९९५ मध्ये आला. सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत शिक्षक घडवणारे बर्नी डॉज यांनी 'वेबक्वेस्ट', म्हणजे इंटरनेटवरच्या माहितीतून मुलांनी शोध घेत शिकण्याची रचना, मांडली. त्यांचे सहकारी टॉम मार्च यांनी त्याच सुमारास पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीच्या शैक्षणिक प्रकल्पात शिक्षकांसाठी सोपे नमुने तयार केले. त्यातल्या एकाचं नाव होतं 'ट्रेझर हंट'. शिक्षकाने आधी विषयाची मोजकी, भरवशाची संकेतस्थळं निवडायची. प्रत्येकावर एकेक प्रश्न काढायचा. मुलांनी ती पानं वाचून उत्तरं शोधायची. आणि शेवटी एक 'मोठा प्रश्न' ठेवायचा. त्याचं उत्तर कुठल्याच पानावर नाही, आधीची सगळी उत्तरं एकमेकांना जोडली तरच ते मिळतं.

या शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व एका उदाहरणाने लक्षात येईल. इजिप्तचं आस्वान धरण घेतलं तर लहान प्रश्न असे निघतील : ते कुठल्या नदीवर आहे? कधी पूर्ण झालं? मागच्या जलाशयाचं नाव काय? त्या पाण्याखाली जाऊ नये म्हणून कुठलं मंदिर कापून वर हलवलं? उत्तरं अनुक्रमे नाईल, १९७०, लेक नासर, अबू सिंबेल. दहा-बारा वर्षांचं मूल ही यादी अर्ध्या तासात भरेल. मग मोठा प्रश्न : पूर येणं बंद झालं तेव्हा नदीकाठच्या शेतकऱ्याचं काय गेलं आणि काय मिळालं? आता त्या मुलाला पुरासोबत येणारा गाळ, खत, वर्षभराचं पाणी, वीज आणि मुखाजवळ खचणारा किनारा यांची सांगड घालावी लागते. भूगोल खरा सुरू होतो तो इथे.

पुष्कळ शाळांनी ट्रेझर हंट घेतला आणि मोठा प्रश्न गाळला. उरली ती रिकाम्या जागा भरायची यादी. १९९८ मध्ये गूगल आलं आणि सर्च इंजिनं सुधारत गेली, तशी ही यादी आणखी पोकळ झाली. पान वाचायचीही गरज राहिली नाही. प्रश्न जसाच्या तसा टाइप केला की उत्तर समोर. १७५९च्या भोवऱ्याने जे केलं तेच आता सर्च इंजिन करत होतं : मूल मुक्कामाला पोचत होतं, वाट मात्र त्याने निवडलेली नव्हती.

सुटकेची वाट अनपेक्षित बाजूने आली, आकाशातून. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे नागरी संदेश लष्करी कारणांसाठी मुद्दाम ढोबळ केले जात. त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला आपली जागा जेमतेम १०० मीटरच्या आत सांगता येई. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने मे २००० च्या सुरुवातीला हा अडथळा काढला गेला आणि अचूकता एका रात्रीत जवळपास दहापट वाढली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या जंगलात एक काळी बादली अर्धवट पुरली. त्यात पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याचा एक डबा ठेवला. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या चर्चागटात जाहीर केले. नियम एकच : काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा आणि वहीत नोंद करा. माइक टीग यांना ती बादली चारच दिवसांच्या आत सापडली. महिना संपायच्या आत मॅट स्टम यांनी 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवलं. २ सप्टेंबर २००० रोजी जेरमी आयरिश यांनी या खेळाचं संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा जगभरात असे ७५ डबे होते. आज ही संख्या लाखांमध्ये मोजली जाते.

शिक्षकांच्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट अक्षांश-रेखांशांची होती. पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्या रेषा पृथ्वीगोलावर बोटाने गिरवत आली होती, पण शाळेच्या मैदानात त्या कुठे आहेत हे कुणी दाखवलं नव्हतं. जीपीएस यंत्र हातात घेऊन मूल उत्तरेला चालू लागलं की अक्षांशाचा शेवटचा आकडा वाढतो, पूर्वेला वळलं की रेखांशाचा. आकडा वाढला की घटला हे पाहत ते मैदानाच्या कोपऱ्यातल्या डब्यापर्यंत पोचतं. हा अनुभव घेतलेल्या मुलाला अक्षांश कशाला म्हणतात हे पुन्हा सांगावं लागत नाही.

डब्यातल्या वस्तूंपेक्षा जागाच मोलाची, हा विचार पुढे नेला भूवैज्ञानिकांनी. जानेवारी २००४ मध्ये 'जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका'च्या पुढाकाराने 'अर्थकॅश' सुरू झालं. पहिलं ठिकाण ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधल्या समुद्रकाठचं. इथे डबा नाही, वही नाही. दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर जायचं आणि तिथला खडक, थर, झीज, वाळू पाहून प्रश्नांची उत्तरं द्यायची. तिथे गेल्याशिवाय उत्तर मिळू नये, अशीच प्रश्नांची रचना. या थराचा कल कुठल्या दिशेला आहे? खडकातले गोटे गुळगुळीत आहेत की टोकदार, आणि त्यावरून त्यांचा प्रवास किती लांबचा असावा? पेस्तालोझींच्या मुलांनी ब्युरॉंच्या काठी जे केलं होतं, तेच दोनशे वर्षांनी उपग्रहाच्या मदतीने होऊ लागलं.

ज्यांना जागेवर जाता येत नाही त्यांच्यासाठी जागाच पडद्यावर आली. २००५ मध्ये गूगल अर्थ, २००७ मध्ये रस्त्यांची छायाचित्रं दाखवणारं स्ट्रीट व्ह्यू. २०१३ मध्ये स्वीडनच्या अँटन वॉलेन यांनी या रस्त्यांच्या छायाचित्रांवर 'जिओगेसर' हा खेळ रचला. खेळणाऱ्याला जगातल्या कुठल्याशा रस्त्यावर उभं केलं जातं आणि नकाशावर ती जागा ओळखायची असते. ठिकाणाचं नाव खेळ सांगत नाही, त्यामुळे सर्च इंजिनाला विचारायला सहसा शब्दच नसतो. पाहावं लागतं. सावली उत्तरेला पडते की दक्षिणेला, म्हणजे आपण कुठल्या गोलार्धात? गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने? पाट्यांची लिपी कोणती? माती लाल की काळी, छपरं उतरती की सपाट, म्हणजे पाऊस किती? आणि २०१९ मध्ये कारमेन सँडिएगोही परतली. गूगल अर्थने ब्राउझरमध्ये खेळता येईल असा तिचा शोध काढला. साक्षीदारांचे इशारे जुन्याच धर्तीचे, पण अल्मनॅकच्या जागी आता फिरवता येणारा पृथ्वीगोल होता.

भारतातल्या मुलांपर्यंत हे सगळं उशिरा पोचलं, आणि त्याला इतिहास आहे. सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था १७६७ पासूनची. तिने काढलेली टोपोशीट, म्हणजे डोंगर-उतार दाखवणारे तपशीलवार नकाशे, जगातल्या उत्तम नकाशांत गणली गेली. परंतु स्वातंत्र्यानंतर, युद्धांच्या सावटात, सीमाभागाची आणि किनाऱ्यालगतच्या मोठ्या पट्ट्याची टोपोशीट सामान्य माणसाला सहज मिळेनाशी झाली. कोकणातल्या मुलाला आपल्याच तालुक्याच्या समोच्च रेषा पाहणं अवघड झालं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी खुली मालिका ठरवली. २००९ मध्ये इस्रोचं 'भुवन' हे नकाशांचं संकेतस्थळ आलं. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांसाठी नकाशे बनवण्याची आणि वापरण्याची पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये स्ट्रीट व्ह्यू भारतातल्या पहिल्या दहा शहरांत सुरू झालं. त्यांतली चार महाराष्ट्रातली : मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर.

म्हणजे महाराष्ट्रातल्या शिक्षकाच्या हाती आता साधनं आहेत. विषयही आहेत. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तर जिल्ह्यानुसार वेगळं छापलं जात आलं आहे. आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात, हा गेडिसचाच क्रम. गरज आहे ती इशारे रचण्याची, आणि त्याला साहित्य लांबून आणावं लागत नाही. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाचा माथा पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग. एवढ्या एका माहितीवर चौथीच्या वर्गाचा एक शोध उभा राहतो.

मोठ्या मुलांसाठी एक शोध जुन्या महाबळेश्वरातून सुरू करता येईल. वर्गात एकच मोबाइल किंवा एकच संगणक असला तरी चालेल. पंचगंगा मंदिराजवळून सुरुवात करून उपग्रह-चित्रावर कृष्णा आणि कोयना या दोघींचा माग काढायचा. पहिला प्रश्न : एकाच डोंगरातून निघालेल्या या नद्या लगेच का भेटत नाहीत? चित्र थोडं तिरकं केलं की दोघींच्या मधली बामणोलीची डोंगररांग दिसते. दुसरा : कोयना किती अंतर दक्षिणेकडे वाहते आणि कुठल्या गावापाशी पूर्वेला वळते? मोजपट्टीचं बटण दाबून मुलं सुमारे ६५ किलोमीटरचं अंतर मोजतील आणि हेळवाकला थांबतील. वाटेत शिवसागर जलाशय लागेल, त्याचे डोंगरात शिरलेले फाटे लागतील. हे फाटे म्हणजे बुडालेल्या ओढ्यांची खोरी, हे त्यांनी स्वतः ओळखायचं. तिसरा मुक्काम कराडचा प्रीतिसंगम. तिथे दोन्ही नद्या समोरासमोर येऊन भेटतात आणि प्रवाह पूर्वेकडे वळतो, आंध्र प्रदेशातून बंगालच्या उपसागराकडे. चौथा इशारा मुलांना पुन्हा महाबळेश्वरला आणतो : तिथेच उगम पावणारी सावित्री मात्र पश्चिमेला बाणकोटच्या खाडीकडे का उतरते?

मग मोठा प्रश्न येतो. कोयनेच्या खोऱ्यात पडलेला पावसाचा थेंब कुठल्या समुद्रात जातो? आतापर्यंतचा माग सांगतो, बंगालच्या उपसागरात. तेव्हा शिक्षकाने शेवटचा इशारा द्यायचा : घाटाखाली पोफळी नावाचं गाव शोधा. तिथे वीजकेंद्र आहे आणि मोठी नदी दिसत नाही. पाणी येतं कुठून? जलाशय आणि पोफळी यांच्यामधला उतार पाहिला, उंचीचे आकडे ताडून पाहिले, की एखादं मूल ओरडतं की पाणी डोंगराच्या पोटातून येत असणार. तसंच आहे. जलाशयातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्री पार करून खाली आणलं आहे. वीज तयार झाल्यावर ते वाशिष्ठी नदीत सोडलं जातं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला मिळतं. निसर्गाने पूर्वेला पाठवलेलं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं. त्या पाण्यावर खालच्या राज्यांनी हक्क सांगितला, वाद लवादापुढे गेला आणि पश्चिमेकडे किती पाणी न्यायचं यावर मर्यादा आली. पुढच्या तासाला वर्गाचे दोन गट करून एकाने सांगली-विजापूरच्या शेतकऱ्याची बाजू मांडायची आणि दुसऱ्याने पोफळीच्या विजेवर चालणाऱ्या कारखान्याची.